अकरा तासांची कुर्डुवाडी

वाट पाहणे हा विषय विद्यापीठात शिकवत असते, तर आमच्या मंगळवेढ्यातला प्रत्येक माणूस त्यात पहिल्या वर्गात पास झाला असता. आमचा तालुका पावसाची वाट पाहतो. पाऊस येऊन गेला, की काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर मालदांडी ज्वारी उभी राहते, आणि मग आम्ही ज्वारीची वाट पाहतो. (या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून आम्ही भावाची वाट पाहतो आहोत.) गावात रेल्वे नाही. ती येणार, येणार म्हणून वाट पाहणारी पिढी पाहता पाहता म्हातारी झाली आणि जाताना ते काम पुढच्या पिढीकडे रीतसर चार्ज देऊन गेली. आणि इथून पंचवीस किलोमीटरवर पंढरपूर. पुंडलिकानं आईबापांची सेवा चालू असताना दारात आलेल्या देवाकडे एक वीट सरकवली आणि 'जरा थांब' म्हणून सांगितलं. तो देव कमरेवर हात ठेवून जो उभा राहिला, तो अठ्ठावीस युगं झाली तरी उभाच आहे. आता ज्यांचं दैवतच वेटिंगवर आहे, त्यांना अकरा तासांचं काय कौतुक?

त्यातून मी बँकेत कारकून. वाट पाहणारा माणूस मी बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहत आलो आहे. कुणी स्लिपच्या पाठीमागं हिशेब मांडतो. कुणी भिंतीवरचं व्याजाच्या दरांचं पत्रक पाठ करतो. कुणी दोरीला बांधलेलं पेन सुटतं का ते हलक्या हातानं तपासून पाहतो. आणि 'सिस्टीम बंद आहे' असं मी जाहीर केलं, की पेन्शनर मंडळी तिथल्या तिथं बाकावर अशी बैठक मारतात, की सिस्टीम चालू झाल्यावर त्यांना उठवणं जिवावर येतं. त्यामुळे विमानाच्या तिकिटावर सिंगापूरला अकरा तास थांबायचं आहे हे कळलं, तेव्हा मी मुळीच डगमगलो नाही.

तिकिटाचं असं झालं. आमचा धाकटा मेहुणा मेलबर्नला असतो. 'या, या' म्हणून त्याचं टुमणं बरीच वर्षं चालू होतं. शेवटी दिवाळीनंतर जायचं ठरलं आणि सोलापूरच्या तिकीटवाल्यानं आमच्यापुढं दोन तिकिटं ठेवली. दोन्ही सिंगापूरवरूनच. एकात मध्ये अडीच तास थांबा, दुसऱ्यात अकरा तास. अकरा तासांचं तिकीट माणशी चार हजारांनी स्वस्त. मी पडलो बी.कॉम. माझं डोकं लगेच चालू झालं. साडेआठ तास जास्त, माणसं दोन, म्हणजे सतरा तास. आठ हजार भागिले सतरा. तासाला चारशे सत्तर रुपये, आणि काम काय, तर नुसतं बसायचं. बँक मला तासाला जवळजवळ तेवढेच देते, आणि वर कामही करून घेते.

हा हिशेब मी हिला समजावून सांगणार, तेवढ्यात ही म्हणाली, "अकरा तासांचंच घ्या."

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात स्वस्तातली वस्तू हिला पहिल्या झटक्यात पसंत पडल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी ती गोष्ट मनात टिपून ठेवली आणि ही विचार बदलायच्या आत पैसे भरून टाकले.

तिकीटवाला त्या थांब्याला 'लेओव्हर' म्हणत होता. "सर, लेओव्हर थोडा मोठा आहे बरं का." घरी येताना मी मराठी शब्द शोधत होतो. 'खोळंबा' म्हणावं, तर त्यात कुणाची तरी चूक असते आणि कुणावर तरी ओरडावं लागतं. 'मुक्काम' म्हणावं, तर अंथरूण लागतं. 'थांबा' म्हणावं, तर मुतारी आणि वडापाव डोळ्यांपुढं येतात. शेवटी शब्द सापडला तो वारीत. पालखीचा रात्रीचा तो मुक्काम, आणि दुपारी वाटेत घटका दोन घटका टेकायचं तो विसावा. आळंदीहून एस.टी.नं एका दिवसात पंढरपूर गाठता येतं, तरी वारकरी दोन-अडीच आठवडे चालत येतो आणि जागोजाग विसावतो. त्याला कुणी 'वेळ कसा घालवलात' असं विचारत नाही.

पण या प्रकाराचं खरं शिक्षण मला मिळालं ते कुर्डुवाडीला.

आजच्या पोरांना कुर्डुवाडी म्हणजे गाडी दोन मिनिटं थांबते ते स्टेशन. आमच्या लहानपणी तो संसार होता. मुंबईची गाडी रुंद रुळांवरून यायची. आणि पंढरपूरला जायचं तर तिथं उतरून बार्शी लाईट धरायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू केली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फूट, धाकटीचे अडीच. दोघींची गाठ पडायची, पण एकीचा डबा काही दुसरीच्या रुळांवर चढायचा नाही. मग माणसं उतरायची, पेट्या उतरायच्या, पोती उतरायची आणि सगळं पलीकडच्या फलाटावर जायचं. दोन्ही गाड्यांचं वेळापत्रक जुळायचंच असं नाही. तीन-चार तास सहज जायचे.

आमचे वडील मंगळवेढ्याच्या पेठेत एका ज्वारीच्या अडत्याकडे दिवाणजी होते. ते कुर्डुवाडीला उतरले, की घाई अशी करायचीच नाही. पंचा अंथरायचे. टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे. दशमी आणि शेंगाची चटणी सोडायचे. मग आडवे होऊन टोपी तोंडावर घ्यायचे. मी मात्र दर पाच मिनिटांनी विचारायचा, "आप्पा, गाडी कधी येणार? इतका वेळ का लागतो?"

एकदा त्यांनी टोपीखालूनच उत्तर दिलं, "आरं, माल बदलायला वेळ लागतो. पोतीसुद्धा एका गाडीतनं दुसरीत आपोआप जात न्हाईत. हमाल लागतो, दम धरावा लागतो, आन् चार दाणे सांडत्यातच."

एवढं बोलून ते घोरायला लागले. हा रुळ पुढं, एकविसावं शतक लागल्यावर, टप्प्याटप्प्यानं रुंद झाला. कुर्डुवाडीचा संसार उठला. दिवाणजी त्याच्या आधीच गेले होते.

पण माणूस शिकला, की बापाचं ऐकत नाही. तो टाइमटेबल करतो. अकरा तास म्हणजे सहाशे साठ मिनिटं. एवढा माल गोदामात नुसता पडून राहणं मला कॉमर्सच्या दृष्टीनं मंजूर नव्हतं. मी सिंगापूरच्या चांगी विमानतळाचा महिनाभर अभ्यास केला. त्या अभ्यासात मला असं आढळलं, की थांबलेल्या प्रवाशाच्या वेळेचा सदुपयोग आजवर मुख्यतः दुकानदारांनीच केलेला आहे. अटलांटिक महासागर ओलांडणारी विमानं पूर्वी तेल भरायला आयर्लंडमधल्या शॅनन गावी थांबत. खिशात पैसे असलेली आणि हाताला काम नसलेली एवढी माणसं एका जागी पाहून तिथल्या लोकांनी १९४७ साली पहिलं करमुक्त दुकान काढलं. आज जगातल्या विमानतळांवर अत्तरांच्या आणि दारूच्या दुकानांतून वाट काढत जावं लागतं, त्याचं मूळ तिथं आहे.

दुसरी माहिती मिळाली ती एका इराणी गृहस्थाची. मेहरान करीमी नासेरी त्यांचं नाव. कागदपत्रांच्या घोळात ते १९८८ साली पॅरिसच्या विमानतळावर अडकले आणि २००६ सालापर्यंत, म्हणजे अठरा वर्षं, तिथंच एका बाकावर राहिले. वाचायचे, डायरी लिहायचे. त्यांच्यावरून हॉलिवूडवाल्यांना सिनेमा सुचला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते वारले तेही त्याच विमानतळावर. ही हकीकत मी हिला उत्साहानं सांगितली. ही म्हणाली, "आणि जेवायचे कुठं?" मी म्हटलं, "तिथंच." "मिळायचं का?" "मिळत असणार की." यावर हिनं मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. बाकी सगळी कथा सोडून हिला जेवणाची चौकशी का सुचावी, हे मला तेव्हा कळलं नाही.

टाइमटेबल मी बँकेच्या जुन्या लेजरच्या पानावर आखलं. सकाळी आठ ते नऊ, तोंड धुणे व चहा. नऊ ते दहा, फुलपाखरांची बाग, टर्मिनल तीन. दहा ते अकरा, सूर्यफुलांची बाग, टर्मिनल दोन. त्यापुढं माशांचं तळं, पाय चेपायची फुकट यंत्रं, फुकट सिनेमा आणि फुकट आरामखुर्च्या. शहर दाखवणारी अडीच तासांची फुकट सहलसुद्धा आहे. थांबा साडेपाच तासांहून जास्त आणि चोवीस तासांहून कमी असावा, आणि त्या देशात पाय ठेवायची कागदी मुभा असावी, एवढीच अट. 'फुकट' या रकान्याखाली मी लाल शाईनं रेघ ओढली. तळाशी शिल्लक शून्य मिनिटं. पान जुळलं.

प्रवासाला निघालो. हिच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. शिवाय एक वाकळ. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची वाकळ हिनं चार वर्षं बसून, एकेक टाका घालून शिवली होती, भावासाठी. मी सुचवलं, की ती मोठ्या बॅगेत घालू. "नाही, ती माझ्यापाशी राहू द्या," म्हणाली. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली. कुर्डुवाडी आली तेव्हा मी वरच्या बर्थवरून वाकून पाहिलं. ही खिडकीशी जागीच होती आणि वाकळ मांडीवर होती.

मुंबईहून विमान रात्री सुटलं आणि सकाळी सिंगापूरला पोचलं. घड्याळं अडीच तास पुढं केली. मी लेजरचं पान काढून चष्मा लावला आणि म्हटलं, "चला, आठ वाजून दहा मिनिटं झाली. आपण दहा मिनिटं मागं आहोत."

ही जागची हलली नाही. चारी बाजूंना पाहत होती. मग म्हणाली, "इथं बसायला बरं आहे की हो. गालिचासुद्धा आहे."

"आहे ना. आता फुलपाखरं..."

"आणि झोपायचं झालं तर?"

मी आरामखुर्च्या दाखवल्या. वास्तविक त्या टाइमटेबलात दुपारी तीनला होत्या. हिनं एका खुर्चीवर पाठ टेकून पाहिली, उठली आणि समाधानानं मान हलवली. पुढं पिण्याच्या पाण्याचा नळ लागला. हिनं ओंजळीनं घोटभर पिऊन पाहिलं. "पाणी गोड आहे. पैसे नाहीत ना?" नाहीत म्हटलं. मग स्वच्छतागृह झालं. मग खाण्याची दुकानं. हिनं प्रत्येक दुकानासमोर उभं राहून भात आहे का, डाळीसारखं काही आहे का, शाकाहारी माणसाचं भागेल का, याची चौकशी लावली. एका ठिकाणी तर काचेवर वाकून इडली निरखून पाहिली. हेड ऑफिसहून इन्स्पेक्शनला आलेला साहेब जसा तिजोरीपासून संडासापर्यंत सगळं पाहतो आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही, तसं हिचं चाललं होतं. मी पाठीमागून हातात लेजरचं पान घेऊन शाखाधिकाऱ्यासारखा चालत होतो.

फुलपाखरं झाली. सूर्यफुलं झाली. "सूर्यफुलं बघायला एवढ्या लांब यायचं?" असा अपेक्षित शेराही झाला. मग एका टर्मिनलातून दुसऱ्या टर्मिनलात नेणाऱ्या छोट्या गाडीत बसलो. तिलाही तिकीट नाही. आणि ती गाडी एकदम एका काचेच्या प्रचंड घुमटात शिरली. समोर छतातून पाणी कोसळत होतं. चाळीस मीटरचा धबधबा, घराच्या आत! २०१९ साली उघडलेली ही इमारत, आणि बंद छपराखालचा एवढा उंच धबधबा जगात दुसरा नाही. जवळ जायचं, तर इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडावं लागतं. पण गाडीच्या काचेतून घटकाभर दिसतो. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावांनी पाण्यासाठी किती निवेदनं दिली असतील ते आठवलं, आणि एवढं पाणी नुसतं शोभेला पडताना पाहून छातीत कसंसंच झालं. पलीकडे उतरलो. ही म्हणाली, "परत जाऊ या." परत गेलो. "अजून एकदा." अशा आम्ही सात फेऱ्या केल्या. तिकीट नसलेल्या गाडीच्या सात फेऱ्या म्हणजे किती बचत, याचा हिशेब मी करत होतो. पण तिकीटच नाही म्हटल्यावर गुणायचं कशाला, इथं गणित अडलं.

सातव्या फेरीनंतर आम्ही एका बाकावर बसलो. हिनं भाकरी काढली. कडक भाकरीचा कडाकड आवाज त्या मऊ गालिच्यावर फार मोठा वाटला. शेजारचे एक गोरे गृहस्थ दचकले. ही शांतपणे खात होती. मग समोर पाहत म्हणाली,

"सगळं आहे इथं. बसायला, झोपायला, जेवायला. बरं झालं."

"काय बरं झालं?"

हिनं वाकळीची घडी सारखी केली. "मी आईला हेच सांगितलं होतं."

गोष्ट २०२१ च्या मे महिन्यातली. सांगोल्याला सासूबाई घरी अंथरुणाला खिळल्या होत्या आणि ही त्यांच्या उशाशी होती. मेहुण्याला येणं शक्यच नव्हतं. ऑस्ट्रेलियानं मार्च २०२० पासून दारं लावून घेतली होती. तिथल्या नागरिकाला परवानगीशिवाय बाहेरही पडता येत नव्हतं. त्या मे महिन्यात तर त्यांनी भारतातून येणाऱ्या आपल्याच नागरिकांनासुद्धा काही दिवस बंदी केली होती. हे सगळं मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. सासूबाईंना मात्र कोण सांगणार? त्या दर तासाला विचारायच्या, "निघाला का गं तो?"

"मी म्हटलं, निघालाय," ही सांगत होती. "मग विचारायला लागली, कुठवर आलाय. मी म्हटलं, सिंगापूरला आलाय. तिथं विमान बदलावं लागतं, म्हणून थांबलाय. ती म्हणाली, बसायला जागा हाय का त्याला? म्हटलं, आहे. जेवायला मिळतंय का? म्हटलं, सगळं मिळतं. निजायला? म्हटलं, आहे खुर्ची. दोन दिवस मी त्याला इथंच बसवून ठेवलं होतं, अहो. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. जाताना तिच्या मनात तो वाटेतच होता."

मी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसलो. हे तिनं चार वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. घरात वेळ नव्हता असं नाही. पण कुकरची शिट्टी आणि कपड्यांची बादली यांच्या मध्ये सांगायची ही गोष्ट नव्हती. आणि मेलबर्नला उतरल्या उतरल्या भावाच्या गळ्यात पडून सांगायची, तर त्याचा तिला धसका होता. त्याला काय वाटेल? तो येऊ शकला नाही याचं त्याला किती लागलं असेल? वर आणि हे?

ही रडली. फार नाही. शेजारच्या गोऱ्या गृहस्थांनी न बोलता कागदी रुमालांचं पाकीट पुढं केलं आणि पेपरात तोंड घातलं. मला आप्पांची टोपी आठवली. माल बदलायला वेळ लागतो, आणि चार दाणे सांडतातच. सांगोल्यातलं ओझं मेलबर्नच्या रुळांवर चढवायचं होतं. दोघांचे रूळ वेगळे. अडीच तासांत ते झालं नसतं. म्हणून हिनं अकरा तासांचं तिकीट घेतलं होतं, आणि मी तासाला चारशे सत्तर रुपये मोजत होतो.

लेजरच्या पानावर अजून सिनेमा, मासे आणि पाय चेपणं शिल्लक होतं. मी पान घडी करून खिशात ठेवलं. बँकेत ज्या रकमेचं नेमकं खातं ठरलेलं नसतं, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. ना जमेला, ना नावे, ना ह्या गिऱ्हाइकाची, ना त्या. ऑडिटरला ते खातं मुळीच आवडत नाही. आला की पहिलं तेच उघडून 'हे अजून पडून का?' म्हणून विचारतो. पण बावीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो, ते खातं नसतं तर कुठलीच बँक संध्याकाळी बंद झाली नसती. चुकून आलेलं, उशिरा आलेलं, कुणाचं ते न कळलेलं, सगळं तिथं सुखानं पडून राहतं, आणि एक दिवस आपापलं खातं सापडलं की निघून जातं.

पुढचे पाच तास आम्ही काहीही केलं नाही. म्हणजे बोललो. सासूबाईंच्या हातची हुलग्याची शेंगुळी, त्यांचं कानानं कमी ऐकणं, मला जावई म्हणून पहिल्यांदा पाहिल्यावर 'पोरगा बारीक हाय, पण बँकेत हाय' हा त्यांचा शेरा. ही हसली. मध्येच दोघंही खुर्चीवर झोपलो. उठल्यावर ही म्हणाली, "खुर्ची चांगली आहे हो. मान अवघडत नाही." सासूबाईंच्या वतीनं हा शेवटचा शेरा नोंदवून इन्स्पेक्शन संपलं.

संध्याकाळी गेटापाशी पुन्हा तपासणी झाली. तिथं पाण्याची बाटली रिकामी करावी लागते. वाकळ यंत्रातून गेली. पडद्यावर पाहणाऱ्या बाईंना तिच्यात काही सापडलं नाही. त्यांच्या यंत्रात तेवढं दिसत नसावं.

मेलबर्नला मेहुणा न्यायला आला होता. पाहुणा म्हणून मी त्याच्या घरी चार दिवस संकोचानं वावरलो आणि पाचव्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर हिनं वाकळ त्याच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. अगदी सावकाश, क्रमानं. मध्ये एकदाही अडखळली नाही. मी ते सगळं एकदा ऐकलेलं होतं. म्हणून मला कळलं, की पहिलं सांगणं कुर्डुवाडीला झालं होतं आणि हे पोचवणं होतं.

तो बराच वेळ वाकळीवरच्या हिरव्या लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताई, मी दोन दिवस सिंगापूरला होतो म्हणतेस. जेवलो होतो ना मी?"

"जेवला होतास."

"मग तिला काळजी नसणार," तो म्हणाला. आणि उठून आतल्या खोलीत गेला. वाकळ घेऊन गेला.

परत आल्यावर बँकेत लोकांनी हैराण केलं. कांगारू पाहिला का? पाहिला. तिकडं ज्वारी मिळते का? पाहायची राहिली. आमच्या शेजारच्या काउंटरवरचे जोशीबुवांसारखे दिसणारे आमचे सहकारी (नाव नको, ते वाचतात) यांचा मुलगा यंदा परदेशी आहे आणि तेही सपत्नीक निघाले आहेत. आता आमच्या जिल्ह्याला विमानाची तशी ओळख झाली आहे. २०२५ च्या जूनपासून सोलापूरहून गोव्याला विमान जायला लागलं. पण लांब जायचं, तर मध्ये कुठंतरी उतरणं आलंच. ते परवा कॅश जुळवता जुळवता मला म्हणाले, "तुम्ही अनुभवी. तिकीटवाला दोन तासांचा थांबा म्हणतोय, सात तासांचा म्हणतोय, अकरा तासांचाही आहे म्हणतोय. कितीचा घेऊ?"

मी नोटांचं बंडल रबर लावून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "घरात बोलायचं किती तुंबलंय?"

त्यांनी थोडा विचार केला. मग खाली वाकून ड्रॉवर उघडला, उगाचच आत पाहिलं आणि बंद केला.

"अकरातही भागायचं नाही हो," ते म्हणाले. "एक रात्र हॉटेलात धरतो."